बेलाबाईंचे कलम

बोरिवलीच्या पश्चिमेस, खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवरच्या जुन्या गावठाणात बेलाबाई मिस्किटा राहत. त्यांच्या भाजीच्या वाडीला निवडुंगाचे कुंपण होते आणि कुंपणाला बांबूचे फाटक. त्या फाटकाशी येणाऱ्या प्रत्येकाकडे बेलाबाई प्रथम अशा दृष्टीने पाहत की, आपण काहीतरी न्यायला आलो आहोत आणि ते काय, हे आपल्याआधी ह्यांनाच कळले आहे, असे त्यास वाटावे. टपालवाला पत्र देऊन निघाला तरी तो वळणाआड होईपर्यंत त्या हलत नसत. नाताळाच्या आधी घरोघर आशीर्वाद देत फिरणारे चर्चचे फादर एकदा चुकून मागच्या दारी आले, तेव्हा त्यांनाही बाईंनी वळसा घालून पुढच्या दारी आणले होते. "आशीर्वाद हाय ना? मग मागल्या दारानं कशाला?" हा त्यांचा प्रश्न होता.

न्यायशास्त्राने पदार्थांच्या गणनेत संशयालाही आसन दिले आहे. संशयच नसेल तर निर्णयाकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही, असे त्या शास्त्राचे म्हणणे. बेलाबाईंच्या कानी ते शास्त्र कधी पडले नव्हते. त्यांना संशय शिकवला तो त्यांच्या बापाच्या अंगठ्याने. त्या वयात येत होत्या तेव्हाची गोष्ट. खाजणालगत मिस्किटांची भातजमीन होती. एक दिवस टोपी घातलेला कोणी गृहस्थ ओट्यावर येऊन बसला. 'वारसांची नावे लावून घ्या, नाहीतर जमीन सरकारजमा होईल,' असे त्याने सांगितले, बापाला पेढा दिला आणि कागदावर अंगठा घेतला. कापणीच्या वेळी ही मंडळी विळे घेऊन शेतावर गेली, तो तिथे दुसऱ्याचे मजूर कापणी करीत होते. बाप त्यानंतर फार जगला नाही. 'वारस' हा शब्द त्या घरात पुन्हा कोणी उच्चारला नाही.

उरली ती एवढी वाडी, तिच्यातली विहीर आणि मागे घर. त्या वाडीवर बेलाबाईंनी धाकटी बहीण ल्युसी वाढवली. पहाटे भाजी काढायची, टोपली डोक्यावर घ्यायची, स्टेशनाजवळच्या बाजारात बसायचे, आणि त्या पैशातून ल्युसीची फी भरायची. स्वतः लग्न केले नाही. एकदा स्थळ आले होते. पण मुलाने वाडीची लांबीरुंदी विचारली, आणि बेलाबाईंनी त्याला चहा येण्याच्या आतच निरोप दिला.

ल्युसीबाई मराठी शाळेत शिक्षिका झाल्या आणि आपले सारे आयुष्य त्यांनी पहिली-दुसरीच्या वर्गांत घालवले. वरचे वर्ग मागून घेण्याचा अधिकार सेवाज्येष्ठतेने त्यांच्याकडे आला होता, तो त्यांनी वापरला नाही. त्या म्हणत, "वरच्या वर्गात मूल शिकतं. शिकता येतं, हे त्याला खालच्या वर्गात कळतं." त्यांच्या वर्गात उत्तरेकडची, गुजरातची, दक्षिणेची, सर्व प्रकारची मुले असत आणि 'ळ' हे अक्षर पुष्कळांच्या जिभेवर चढत नसे. ल्युसीबाई बहिणीच्या टोपलीतून मुळा, भोपळा, पडवळ, आवळा, केळे अशा निवडक वस्तू शाळेत नेत. ज्याने नाव शुद्ध उच्चारले, त्याच्या हाती ती वस्तू. बेलाबाईंना बरेच दिवस कळेना की, ही वांगी सोडून मुळेच का नेते. ही परस्पर कोणाला विकते की काय, ह्या शंकेने त्या एकदा शाळेच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. आत साठ मुले एका सुरात 'पडवळ' म्हणत होती. बाई तशाच परत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून टोपलीत पडवळे वेगळी निघू लागली.

सन पंच्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर ल्युसीबाई काविळीने गेल्या. दफनविधीला गावठाणातले लोक होते, तसेच गिरणगावातून उपनगरात येऊन स्थिरावलेली कोकणातली कुटुंबेही होती. क्रूसापुढे कसे उभे राहावे हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांनी नुसते हात जोडले.

वर्षभराने ल्युसीबाईंच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक काशीराम तावडे ह्यांच्या मनात एक विचार आला. डी.एड.ला जाऊ इच्छिणाऱ्या एका गरजू मुलीस दरवर्षी ल्युसीबाईंच्या नावे शिष्यवृत्ती द्यावी. जुन्या विद्यार्थ्यांनी निधी जमवला. पहिल्या वर्षासाठी नाव ठरले प्रेमाचे. तिचे वडील गुणाजी घाडी गिरणीच्या संपात नोकरी गमावून आता एका सोसायटीत पहारेकरी होते. मुलीला अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता, परंतु फी भरण्याची मुदत तोंडावर होती आणि घरात तेवढी शक्ती नव्हती. काशीराममास्तरांचा मात्र एक नियम होता: दिवंगताचे नाव त्याच्या घरच्यांच्या संमतीवाचून कोणत्याही फलकावर चढवायचे नाही. घरचे म्हणून उरल्या होत्या एकट्या बेलाबाई. त्यांनी सही केली तर प्रेमा शिक्षिका होणार होती. न केली तर कोठेतरी पॅकिंगच्या कामाला लागणार होती.

मास्तर आणि सुलक्षणा असे दोघे त्यांच्याकडे गेले. सुलक्षणा ही ल्युसीबाईंची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत शिक्षिका. शुभकार्याला रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून मास्तरांनी वाटेत पेढे घेतले. त्या दिवसांत चारकोपकडे सेक्टरांची आखणी चालू होती, मोकळ्या जागांवर चुन्याच्या रेघा पडत होत्या, आणि बेलाबाईंच्या फाटकाशी जो कोणी वाडी विकत मागायला येई तो नेमका पेढ्यांचाच पुडा घेऊन येई. हे मास्तरांना ठाऊक नव्हते.

"मास्तर," फाटक न उघडता बेलाबाई म्हणाल्या. त्या फादरांपासून फौजदारापर्यंत सर्वांना एकेरीच संबोधत. "तू पण?"

"मी पण काय, बेलाबाई?"

"पेढं. कुठल्या बिल्डरचं?"

सुलक्षणेने पुडा झटकन आपल्या पिशवीत कोंबला. "मावशी, आम्ही ल्युसीबाईंच्या कामासाठी आलोय."

"ल्युसी गेली. तिचं काय काम राहिलं?"

पुष्कळ विनवणीनंतर दोघांना ओट्यापर्यंत प्रवेश मिळाला. पाणी आले, परंतु बसायला पाट आला नाही. मास्तरांनी उभ्यानेच ठरावाचा मसुदा काढला. तो त्यांनी स्वतः, आठ दिवस खपून, गीर्वाणप्रचुर मराठीत लिहिला होता.

"कै. ल्युसीबाई मिस्किटा ह्यांच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ..."

"थांब. कै म्हंजे काय?"

"कैलासवासी."

"म्हंजे?"

"म्हणजे... कैलासात वास करणाऱ्या. राहणाऱ्या."

बेलाबाईंनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूसाची खूण केली. "माझ्या बहिणीला मिस्सा सांगून पुरली मी. तू तिला कैलासात कोणाला विचारून धाडलीस?"

मास्तर ओशाळले. ती चूक अनवधानाची होती. मराठी शाळेत मृताच्या नावामागे ती दोन चिन्हे हातातून आपोआप उतरतात. त्यांनी तत्काळ तेथे 'ख्रिस्तवासी' असे केले आणि अर्थही सांगितला: वासी म्हणजे राहणारा, ख्रिस्तापाशी राहणारी ती ख्रिस्तवासी. बेलाबाईंनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "हां. वासी म्हंजे राहणारा. वाच पुढं."

मास्तरांचा आवाज पुन्हा चढला. "ही शिष्यवृत्ती प्राप्त करून अध्यापनव्रत स्वीकारणाऱ्या कन्या ह्याच बाईंच्या खऱ्या वारस होत..."

बेलाबाई उठल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, एक थंड, जुनी खात्री होती.

"कोण वारस?"

"अहो, म्हणजे त्यांचा वारसा चालवणाऱ्या..."

"ही वाडी ल्युसीच्या पण नावावर हाय. तिचे वारस लिवून आणलेस, वर माझी सही मागतोस. माझ्या बापाकडं आला होता त्यानं तरी टोपी घातली होती. तू तर उघड्या डोक्यानं आलास."

फाटकाबाहेर आल्यावर सुलक्षणा म्हणाली, "सर, वाट लागली."

त्यानंतरच्या आठवड्यात बेलाबाईंनी भाजी कमी विकली आणि चौकशी अधिक केली. मास्तर कोठे घर बांधतात काय, हे त्यांच्या वाण्याला विचारले. तलाठ्याच्या कचेरीत जाऊन वाडीवर कोणी नवे नाव चढवले आहे काय, हे पाहून आल्या. शाळेच्या शिपायाला मुळ्याची जुडी देऊन, मास्तर खरेच निवृत्त झाले की काढून टाकले, ह्याचीही खातरजमा केली. सर्वत्र उत्तर निर्दोष मिळाले, आणि नेमके त्यामुळेच त्यांचा संशय वाढला. एवढा निर्मळ माणूस एवढे हेलपाटे घालतो, म्हणजे आत काहीतरी मोठे असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता.

इकडे मास्तरांना आपल्या शब्दाची खंत लागून राहिली. 'वारस' हा मूळचा अरबी शब्द. व्यवहारात रुळलेला, कचेऱ्यांतून कलंकित झालेला. तो मुळात वापरायलाच नको होता, असे त्यांनी ठरवले, आणि प्राचीन गुरुकुलांतून एक निर्मळ शब्द शोधून काढला. दुसऱ्या खेपेला त्यांनी पेढे नेले नाहीत. शब्द मात्र नेला.

"...ह्या कन्या ल्युसीबाईंच्या अंतेवासिनी होत."

बेलाबाई विहिरीवर दोरखंड बदलत होत्या. हात थांबले. "काय वासिनी?"

"अंतेवासिनी. फार पवित्र शब्द आहे, बेलाबाई. अन्ते म्हणजे समीप. अंतेवासी म्हणजे गुरूच्या सन्निध राहणारा शिष्य."

"वासी म्हंजे राहणारा," बेलाबाई सावकाश म्हणाल्या. "तूच सांगितलंस."

"हो, पण..."

"आणि अंते म्हंजे शेवटी. मी मेल्यावर."

"छे छे, येथे अन्ताचा अर्थ..."

"कुठं राहणार त्या पोरी? ल्युसीजवळ. ल्युसी कुठं राहात होती? हितं." त्यांनी दोर खाली टाकला. "मास्तर, एकदा माणूस राहायला आला की कोर्टाच्या बापाच्यानं पण उठत नाय. आमच्या गल्लीत चार घरं तशीच गेली. वारस जमलं नाय म्हणून भाडेकरू आणलास काय रे?"

सुलक्षणेला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून फणसाच्या झाडामागे गेली. मास्तरांनी आयुष्यभर ज्या भाषेला आई मानले, तिनेच त्यांना उघडे पाडले होते, आणि त्यांना वाईटही वाटत नव्हते, कारण व्युत्पत्तीच्या दृष्टीने बेलाबाईंचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. मुदत मात्र जवळ आली होती.

सुलक्षणा झाडामागून आली आणि सरळ बाईंच्या पायाशी, ओल्या दगडावर बसली. "मावशी, सरांचं सोडा. तुम्हीच सांगा. जिला वाटा मिळत नाही, राहायला यायचं नाही, पण शिकवायची जबाबदारी आपल्यावर असते, अशा पोरीला तुमच्यात काय म्हणतात?"

बेलाबाईंनी खाली पडलेला दोर उचलून पुन्हा गुंडाळायला घेतला. प्रश्नात काय दडले आहे, ते त्या शोधत असाव्यात. मग म्हणाल्या, "धर्मलेक. बाप्तिस्म्याला जिला हातावर घेतो ती. शेतात वाटा नाय, घरात वाटा नाय. पण तिला नमस्काराच्या प्रार्थना आल्या नाय तर पाप धर्ममायला लागतं."

"मग लिहू या? ल्युसीबाईंच्या धर्मलेकी?"

"लिव. सही आता नाय करणार. आधी पोरगी दाखव. तिचा बाप पण आण. बापाशिवाय पोर दाखवणाऱ्यावर माझा भरवसा नाय."

गुणाजी घाडी रविवारी आले. पहारेकऱ्याचा गणवेश घालूनच आले, कारण तेथूनच कामावर जायचे होते. मागे प्रेमा, दोन वेण्या घातलेली, नजर जमिनीवर. बेलाबाईंनी बापाला नखशिखान्त न्याहाळले. बापाने भिंतीवरच्या क्रूसाला न्याहाळले. मास्तरांनी ठराव वाचला. 'धर्मलेक' हा शब्द येताच गुणाजींनी हात वर केला.

"मास्तरांनू, रागा भरा नकात. पन ह्यो धर्म हयसर कित्याक?"

"तो फक्त शब्द आहे, गुणाजी."

"शब्दच वायट आसतत. गिरनीत माका सांगल्यानी, ही हजेरीची सही. मागसून कळला, राजीनाम्यार सही केलंय. बाई, तुमी मोठ्या मनाच्या आसात. पन माझ्या चेडवाचो धर्म आसा तोच रवतलो. बाटवूचा आसात तर आमका नको तुमचे पैशे."

"बाबा!" प्रेमा कळवळून म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटले. सुलक्षणेने त्यांच्याकडे पाहिले. आता सर्व संपले, असेच दोघांना वाटले.

परंतु बेलाबाई गुणाजींकडे एकटक पाहत होत्या, आणि त्या दृष्टीत त्या दिवसापर्यंत कोणी न पाहिलेले काहीतरी होते. "तुना पण कागदावर फसवला?"

"व्हय."

"वाचता येतं?"

"येता. त्या दिवशी वाचूक दिल्यानी नाय."

"हां." बेलाबाई उठल्या, आतून पाट आणला आणि गुणाजींसमोर ठेवला. मास्तर अजून उभेच होते. "बस रे. तुझ्यासारखा माणूस मना कळतो. मास्तर, मघापासनं तू चांगलं चांगलं लिवतोस. चांगलं लिवलेलं मना कळत नाय. वाईट काय होणार नाय, ते लिव."

"म्हणजे कसे?"

"मुली ल्युसीच्या कोण लागतात ते नको. कोण लागत नाय, ते लिव."

मास्तरांनी पेनचे टोपण काढले. त्यांच्या लेखणीतून आयुष्यात कधी न उतरलेली वाक्ये त्या दिवशी उतरली. बेलाबाई एकेक वस्तू सांगत होत्या, गुणाजी मध्येच अडवीत होते. 'वाडी' एवढ्याने भागत नाही, 'विहीर' वेगळी लिहा, कारण पाण्याचा हक्क वेगळा असतो, ही सूचना गुणाजींची. फणस, शेवगा, जांभळी, नारळ असे सारे आले. 'धर्म' ह्याच्या पुढे 'नाव आणि आडनावही' असावे, ही सूचना बेलाबाईंची, आणि गुणाजींनी तिच्यावर मान डोलावली. दोघेही एकमेकांच्या शंका इतक्या आस्थेने पुऱ्या करीत होते की, लांबून पाहणाऱ्यास एखाद्या लग्नाची यादी चालली आहे असे वाटले असते.

"उद्या प्रेमा मास्तरीण झाली," गुणाजी म्हणाले, "आनि तिका कोनी म्हटला, तुका त्या किरिस्तावांनी शिकयली, तर?"

"तर तिनं सांगायचं, हां, शिकवली," बेलाबाई म्हणाल्या. "ते खरं हाय. खरं हाय ते कागदात कशाला?"

फीची मुदत संपण्याआधी कार्यक्रम शाळेच्या सभागृहात झाला. ल्युसीबाईंच्या तसबिरीला हार होता. बेलाबाई पहिल्या रांगेत, हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मास्तरांनी प्रास्ताविक आवरते घेतले, आणि बेलाबाईंच्या अटीप्रमाणे ते कलम स्वतः प्रेमाने उभे राहून वाचले.

"ह्या शिष्यवृत्तीमुळे मला किंवा माझ्यानंतर ती घेणाऱ्या कोणाही मुलीला मिस्किटा ह्यांच्या घरात, वाडीत, विहिरीत, रहाटात, फणसात, शेवग्यात, जांभळीत व नारळात कोणताही हक्क, वाटा अथवा राहण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. तसेच ह्या शिष्यवृत्तीमुळे माझ्या धर्मात, नावात व आडनावात कोणताही बदल होत नाही. मी शिकेन आणि लहान मुलांना शिकवीन. एवढेच माझ्यावर बंधन आहे."

मागच्या रांगांत प्रथम हशा पिकला. शेवटच्या दोन वाक्यांना तो थांबला.

"परत वाच," बेलाबाई जागेवरूनच म्हणाल्या. "शेवग्यापाशी घाई केलीस."

प्रेमाने परत वाचले, शेवग्यापाशी सावकाश. गुणाजी दाराशी उभे होते. दुसऱ्या वाक्याला त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मग बेलाबाई टेबलाशी गेल्या, हात लुगड्याला पुसले आणि सही केली. अक्षरे मोठी, अलग अलग, जणू प्रत्येकास स्वतंत्र वाफा दिलेला. शाई वाळेपर्यंत त्यांनी कागदाचा कोपरा सोडला नाही. मास्तरांनी नम्रपणे हात पुढे केला.

बेलाबाईंनी कागद दुमडला आणि प्रेमाच्या हाती ठेवला.

"तू ठेव. तुझ्यापाशी राहिला म्हंजे मागून कोणी ह्यात काय घालणार नाय."

"बेलाबाई," मास्तर म्हणाले, "संस्थेच्या दप्तराला एखादी नक्कल तरी..."

"हिच्याकडं माग," बेलाबाई म्हणाल्या. "पण वाचून झाल्यावर परत दे."